खातूसरांची तोंडी

खातूसर नापास झाले ही बातमी ते खोलीबाहेर येण्याआधीच कँटीनमध्ये पोचली होती. तोंडीचा निकाल लोकभांडाराच्या फलकावर त्याच क्षणी दिसतो, आणि त्या फलकाकडे डोळे लावून बसण्यापलीकडे काम नसलेली माणसं विषविज्ञान केंद्रात भरपूर होती.

प्रणाली घवाळी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. सर वरून उतरले ते अगदी प्रसन्न. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, सत्तरी ओलांडलेली पण ताठ मान.

"काय झालं सर?"

"काही नाही गं. छान गप्पा झाल्या. आवाज मोठा गोड आहे त्या यंत्राचा."

"नापास केलंय तुम्हाला."

"हो का?" सर एका पायरीवर थांबले. "मला तर 'आभारी आहे' म्हणालं."

वरच्या कठड्याला टेकून उभे असलेले दोन प्राध्यापक हसू दाबत होते. दोघांची तोंडी पुढच्या महिन्यात होती. हसून घेत होते बिचारे, वेळ होता तोवर.

ही तोंडी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं.

या देशात संशोधन कसं चालायचं? पैसा जनतेचा. साप कोकणातला, विष कोकणातलं, ज्याच्या रक्तावर प्रयोग करायचा तो माणूसही कोकणातला. मग जो लेख तयार व्हायचा तो परदेशातल्या एका प्रकाशकाला फुकट द्यायचा. त्याने पैसा दिलेला नसे, साप पकडलेला नसे, एक ओळ लिहिलेली नसे. तो लेखाला कुलूप लावायचा आणि आपल्याच विद्यापीठाला किल्ली भाड्याने द्यायचा. गाय आपली, चारा आपला, धार काढणारे हात आपले आणि दूध शेजाऱ्याकडून विकत. याला चोरी म्हणायची हिंमत कोणाला नव्हती, कारण चोराच्या दुकानात नाव झळकलं की इथे बढती मिळायची.

विद्वानांनी हे आणखी शंभर वर्षं चालवलं असतं. पण मध्ये घंगाळ आलं.

सरकारी कागदावर त्याचं नाव जैव-निर्मिती संच. दिसायला न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळासारखं, म्हणून लोक घंगाळच म्हणू लागले. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत ते बसतं. आत यीस्ट वाढतं, पाव फुगवतं तसलंच. एखादं प्रथिन कसं बनवायचं याची जनुकीय कृती त्या यीस्टला दिली की ते खाऊनपिऊन तेच प्रथिन बनवत राहतं. घंगाळ ही कृती थेट शोधलेखातून वाचतं: कोणती अक्षरं, किती तापमान, गाळायचं कसं, सगळं. म्हणजे पूर्वी लेखाला कुलूप असलं तर एखादा विद्यार्थी हळहळायचा. आता लेखाला कुलूप असलं तर औषधाची बाटली रिकामी राहते. कुलूप कुठे आहे ते पहिल्यांदाच लोकांना डोळ्यांनी दिसलं, आणि लोक चिडले. कायदा झाला. जनतेच्या पैशातलं संशोधन जनतेच्या भांडारात, पूर्ण, कोणालाही वाचता येईल असं.

मग दुसरी गंमत झाली. भांडारात कचरा येऊन पडू लागला. लेखावर आठ जणांची नावं आणि आत काय आहे ते दोघांनाच ठाऊक. माणसं वाचत होती तोवर हे खपून गेलं. घंगाळ खपवून घेत नाही. ते लिहिलंय तसं शिजवतं. दोन ठिकाणी बाटल्यांत भलतंच औषध भरलं गेल्यावर नियम आला: लेखावर ज्याचं नाव, त्याने एकट्याने यंत्रासमोर बसून आपल्या भाषेत लेख समजावून सांगायचा. तीच तोंडी. भांडारातला प्रत्येक लेख वाचलेलं हे यंत्र शांतपणे प्रश्न विचारत जातं, तळ लागेपर्यंत. सगळे लेखक उत्तीर्ण झाले तर लेख खुला, आणि त्यासोबत प्रत्येकाची तोंडीही खुली, कोणीही ऐकावी. एक जण नापास झाला तर दोन महिन्यांनी आणखी एक संधी. ती हुकली की लेख तीन वर्षं बंद.

आता केंद्राची परंपरा पाहा. लग्नपत्रिकेवर जसं 'श्रीकृपेकरून' असतं, तसं केंद्रातल्या प्रत्येक लेखावर शेवटी 'मु. रा. खातू' असायचं. कोणी मागितलं नव्हतं. ते असायचंच. सर विभागप्रमुख होते तेव्हा असायचं, निवृत्त झाल्यावर मानद झाले तरी राहिलं. दीडशेच्या वर लेख. त्यांतले कित्येक सरांनी छापल्यावरही पाहिलेले नव्हते.

आणि सगळ्यात शेवटचा लेख प्रणालीचा. फुरशाच्या विषावरचा.

फुरसं हा वीतभर-हातभर लांबीचा साप. कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, दगडाखाली बसतो, अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतो आणि चावतो. त्याचं विष रक्तातली गोठण्याची शक्ती वापरून संपवतं. मग रक्त पाण्यासारखं होतं, हिरड्यांतून, लघवीतून, मेंदूत, कुठेही वाहतं. त्यावरची जुनी लस घोड्याच्या रक्तातून काढतात, पण त्या घोड्याला टोचलेलं विष दुसऱ्याच प्रांतातल्या सापाचं असतं. कोकणातल्या फुरशावर ती अर्धवट चालते. प्रणालीने वेगळी वाट धरली. उंटाच्या रक्तात एक चिमुकलं प्रतिपिंड असतं, आपल्यापेक्षा साधं, एका तुकड्याचं. किल्लीचा दात कुलपात बसावा तसं ते विषाच्या प्रथिनात बसवता येतं, आणि लहान असल्यामुळे यीस्टला ते बनवता येतं. तिने सड्यावरच्या फुरशांचं विष घेऊन त्यांत नेमके बसतील असे तीन तुकडे घडवले. लेख खुला झाला की जिल्ह्यातल्या प्रत्येक घंगाळात औषध तयार. ऑक्टोबरात सड्यावर गवतकापणी सुरू होते, आणि गवतकापणीत सर्वांत जास्त माणसं चावून घेतात.

तेव्हा जून होता. सर नापास.

*

सरांच्या घरी तिघं तोंडी ऐकायला बसली. सर, प्रणाली आणि सरांच्या पत्नी, शैलाकाकू. काकू कुळीथ निवडत होत्या.

सरांनी उत्तरं खणखणीत दिली होती. द्यायलाच हवी होती, प्रणालीने महिनाभर घोकून घेतलं होतं. तुकडा कसा बसतो, यीस्ट कोणतं, उंदरांवर काय दिसलं. यंत्र मधूनच "असं का?" विचारायचं आणि सर आणखी खुलायचे. मग शेवटचा प्रश्न आला.

"या लेखात तुम्हाला कशाची खात्री वाटत नाही?"

"खात्री वाटत नाही असं काही नाही," ध्वनिफितीतले सर म्हणाले. "घवाळीचं काम आहे. ती चुकत नाही."

"तुम्ही स्वतः यातली एखादी गोष्ट वेगळी केली असतीत का?"

"अजिबात नाही. मला मुलीसारखी आहे ती."

"आभारी आहे."

ध्वनिफीत तिथेच संपली. मग काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या आमटीला एकदाही चांगलं म्हटलं नाही. आणि यंत्रासमोर काय हे."

प्रणालीला हसावं की रडावं कळेना. "सर, तो प्रश्न मलाही होता. मी सांगितलं, हा तुकडा इतका लहान आहे की मूत्रपिंडं त्याला लवकर बाहेर टाकतात. रक्तात किती तास टिकेल ते मला माहीत नाही. झाले उत्तीर्ण. काम केलेल्या माणसाला आपलं काम कुठे कच्चं आहे ते माहीत असतं. न केलेल्याला सगळंच पक्कं वाटतं. ते यंत्र तेवढंच बघतं."

"बाहेरच्या माणसासमोर आपल्या विद्यार्थ्याच्या कामात खोट काढायची नसते," सर म्हणाले. "आमच्या सरांनी आम्हाला हेच शिकवलं."

"बाहेरचा माणूस कुठला? यंत्र आहे ते."

"म्हणजे आणखीच बाहेरचं."

प्रणालीने पाण्याचा पेला उचलला, ठेवला. जे बोलायचं ठरवून आली होती ते बोलली. "सर, तुम्ही नाव काढून घ्या. अर्ज केला की दोन दिवसांत होतं."

"काढतो की. कारण काय लिहितात?"

"काम केलेलं नाही, असं."

एकावर ते कारण लागलं की बाकीचे दीडशे उघडले जाणार, हे तिघांनाही कळत होतं.

या दोघांचं नातं नीट सांगायचं तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतील. सड्यावरच्या वाडीतली ही मुलगी मुलाखतीला आली तेव्हा समितीतल्या एकाने नावाकडे बघून "इंग्रजी जमेल का?" असं विचारलं होतं. खातूसर म्हणाले होते, "सापांना जमतं का? मग हिलाही नाही जमलं तरी चालेल," आणि तिला घेतलं होतं. तिची शिष्यवृत्ती अडली तेव्हा हेच सर मुंबईच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसून राहिले, साहेब कंटाळून सही करेपर्यंत. आणि हेच सर तिच्या पहिल्या लेखावर स्वतःचं नाव पहिलं लावून मोकळे झाले होते, तिचं दुसरं. तिने पेढे वाटले होते तेव्हा. राग यायला पाच वर्षं लागली. राग आला तेव्हा माया इतकी रुजली होती की दोन्ही एकाच कुंडीत वाढू लागली.

"नापास झालेल्याला काय शाळेतून काढतात?" काकू सुपातला खडा उचलत म्हणाल्या. "एक संधी आहे ना अजून? बसवा पुन्हा. या वेळी घोकंपट्टी नको. स्वतः वाचा म्हणावं."

"मी वाचलाय तो," सर म्हणाले.

"पूर्ण?" प्रणालीने विचारलं.

सरांनी कुळथाकडे बघितलं.

*

जुलैभर सर केंद्रात येऊन बसू लागले. पहिल्यांदा लेखाच्या मागचे तक्ते वाचले, जे कोणीच वाचत नाही. प्रथिनांचं शास्त्र त्यांना नवं होतं, ते सापांच्या जुन्या पिढीतले. काठीने दगड उलटायचा, साप मोजायचा, पोटात काय आहे ते बघायचं, असलं त्यांचं शास्त्र. पण शिकायची लाज नव्हती. "हे पुन्हा सांग," म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा "हे पुन्हा सांग," तेव्हा प्रणाली दात-ओठ खायची.

"सर, उत्तर नका शोधू. खोट शोधा. मी तुमची वैरीण आहे असं समजा."

"ते कसं समजू?"

"तुमच्या जागेवर आलेले ते नवे प्रमुख आहेत ना, त्यांचा लेख आहे असं समजा."

सरांचा चेहरा उजळला. "हां, मग जमेल."

आणि खरंच काहीतरी जमलं. कारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरांचे प्रश्न थांबले. ते नमुन्यांच्या खोलीत जाऊन बसू लागले, जिथे पकडलेली फुरशी बाटल्यांत ठेवली होती. प्रणालीने विचारलं तर "बघतोय," एवढंच. तिला वाटलं, म्हातारा थकला. परवा पुन्हा नापास होणार आणि तीन वर्षं गेली.

दुसऱ्या तोंडीला सर गेले तेव्हा ती जिन्यापाशी उभी राहिली नाही. प्रयोगशाळेत नळ्या धूत बसली. कँटीनमधून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी दारातून डोकं घालून म्हणालं, "घवाळी, पेढे. उत्तीर्ण. लेख खुला झाला तुझा."

तिने हात पुसले नाहीत. तशाच ओल्या बोटांनी तोंडी लावली आणि थेट शेवटाकडे गेली.

"या लेखात तुम्हाला कशाची खात्री वाटत नाही?"

"पिल्लांची," सर म्हणाले.

"सविस्तर सांगाल?"

"सांगतो. या लेखासाठी पकडलेलं एकूण एक फुरसं फेब्रुवारी आणि मार्चमधलं आहे. मी बाटल्या बघितल्या, सगळी मोठी, वाढलेली. का, तर आमचं अनुदान जानेवारीअखेर हातात पडतं आणि मार्चअखेर संपवावं लागतं. नाही संपवलं तर परत जातं. त्यामुळे आम्ही साप फेब्रुवारी-मार्चमध्येच पकडतो. मी तीस वर्षं तेव्हाच पकडले. फुरशाला पिल्लं होतात ती उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसात. अंडी नाही घालत ते, जिवंत पिल्लं. ती गवतात असतात ऑक्टोबरात. तेव्हा आमच्याकडे अनुदान नसतं."

"पिल्लांचं विष वेगळं असेल असं तुम्हाला का वाटतं?"

"कारण जेवण वेगळं. मी पोटं फाडून बघितलीयत. पिल्लू विंचू खातं, गोम खातं. मोठं झालं की बेडूक, उंदीर. भक्ष्य बदललं की विष बदलतं, असं दुसऱ्या सापांत दिसलंय. फुरशात कोणी पाहिलेलं नाही. आणि गवतकापणीत माणसाला चावतात ती बहुतेक त्याच वर्षीची पिल्लं. म्हणजे ज्या सापासाठी हे औषध लागणार, तो साप या औषधाने पाहिलेलाच नाही."

"तुम्ही काय वेगळं केलं असतं?"

"ऑक्टोबरात गेलो असतो," सर म्हणाले. "साप सरकारचं आर्थिक वर्ष पाळत नाहीत हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी मुलीला मार्चमध्ये पाठवत राहिलो."

*

लेख खुला झाला, आणि त्याच्या माथ्यावर लाल पट्टीही आली: लहान सापांच्या दंशावर तपासलेलं नाही. लेखकांपैकी एकाची शंका, ऐका.

प्रणाली तडक सरांच्या घरी गेली. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू लेख मागे घेतला असतास."

"घेतलाच असता. पिल्लं पकडून, तपासून, मग दिला असता."

"म्हणजे ही गवतकापणी गेली, कदाचित पुढचीही. मोठ्या सापावर तर चालतंय ना औषध? तेवढी माणसं तरी वाचतील."

"ते मी ठरवायचं होतं सर. माझा लेख आहे तो."

"माझंही नाव आहे त्यावर," सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उच्चारलं असेल. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच होतं. ती सड्यावरची. तिची आई गवत कापायची. पायाशी बारकी फुरशी निघायची तेव्हा बायका "वळवळ्या आल्या" म्हणून बाजूला व्हायच्या, हे तिने लहानपणी पाहिलेलं. आणि पीएच.डी. झाल्यावर तीसुद्धा मार्चमध्येच जाऊ लागली, सगळे जातात म्हणून.

इकडे यंत्राने एक काम कोणी न सांगता केलं. सरांची शंका त्याने राज्यातल्या बाकी लेखांना लावून पाहिली. बेडकांवरचे लेख मार्चमधले. डासांवरचे मार्चमधले. पावसाळी गवतावरचा एक लेख, तोही मार्चमधला, वाळलेल्या काड्यांवर. सगळं फलकावर. मंत्रालयातून खुलासा आला की संशोधकांनी नियोजन नीट करावं. पैसे जानेवारीत कोण देतं त्याबद्दल खुलाशात अवाक्षर नव्हतं. खुलासे असेच असतात.

केंद्रातले लोक सरांवर खवळले. नवे प्रमुख म्हणाले, "म्हाताऱ्याने जाता जाता सगळ्यांची ताटं लाथाडली." सर मात्र वेगळ्याच नादाला लागले होते. दर गुरुवारी ते तोंडीच्या खोलीत जायचे, आपल्या नावाचा एकेक जुना लेख काढायचे आणि यंत्राला सांगायचे, हे मला येत नाही, नाव काढा. यंत्र दर वेळी आभार मानायचं.

प्रणालीला हे कळत होतं. तरी ती रविवारी सरांकडे जाईनाशी झाली. काकूंनी गणपतीत हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा डबा पाठवला. तिने पातोळ्या खाल्ल्या, डबा घासला आणि रिकामा परत पाठवला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काकूंनी तो उघडून बघितला आणि सरांना काही सांगितलं नाही.

*

ऑक्टोबरातल्या एका सकाळी फोन आला. खाडीपलीकडच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर नौशाद परकार.

"मॅडम, फुरशाचा दंश आहे. सुवर्णा भुवड, साठीची बाई. रक्त नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवलं, नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहतंय. औषध तयार आहे आमच्या घंगाळात. पण बाई घेत नाही."

"का?"

"आम्ही नियमाप्रमाणे दोघांची तोंडी ऐकवली. तुमची ऐकून म्हणाली, पोरगी हुशार हाय. मग खातूसरांची ऐकली. म्हणते, हा म्हातारा म्हणतो त्याला ठावं नाय, तर मला त्याच्याशीच बोलायचंय. जो ठावं नाय म्हणतो तो खोटं बोलणार नाय."

प्रणाली गाडी काढून सरांच्या दारात गेली. चपला काढायला या वेळीही वेळ नव्हता. सर ओटीवर पेपर वाचत होते. तिने फोन त्यांच्या हातात दिला.

"बोला बाई, मी खातू."

"तुमी काय तो ठावं नाय म्हनलेले?"

"मीच. साप मारलात का?"

"आनलाय ना पिशवीत. डॉक्टर नको म्हनतो, मी आनला."

"बरं केलंत. केवढा आहे?"

"बारका. वीतभर बी नाय."

सरांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. प्रणालीकडे पाहिलं. दीडशे लेखांवर नाव मिरवलं, पण त्यातल्या कुठल्याच लेखाने आजवर त्यांना फोन करून घेऊ का नको विचारलं नव्हतं. प्रणाली काही बोलू शकली असती. लेखाची ती मुख्य लेखिका होती. पण बाईने तिला विचारलं नव्हतं.

"बाई, ऐका," सर म्हणाले. आवाज हलत होता, त्यांनी तो हलू दिला. "घोड्याची जुनी लस आहे, ती आपल्याकडच्या सापावर अर्धवट चालते. हे नवं औषध मोठ्या सापावर चांगलं चालतं, बारक्यावर मला ठाऊक नाही. दोन्हीतली एक घेतली तर अर्धा भरवसा. दोन्ही घ्या. एकीतून निसटेल ते दुसरीत सापडेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे."

"आनि दोनी घेवन मेले तर?"

"तर लेखावर माझं नाव आहे. तुमच्या मुलाने येऊन माझी गचांडी धरावी. मी निघालोच आहे तिकडे."

पलीकडे सुवर्णाबाई लांब कोणाला तरी म्हणाल्या, "दे बाबा दोनी. म्हातारा येतोय बोलतो."

फेरीबोटीतून पलीकडे जाताना मध्येच सर म्हणाले, "घोड्याच्या लसीने अंगावर पित्त उठतं. नौशादला सांगितलंस?"

"सांगितलं."

"आणि तुझं ते, किती तास टिकतं?"

"दर तीन तासांनी पुन्हा द्यायला सांगितलंय. अंदाजाने."

"हं. तुझाही अंदाजच."

"हो. माझाही."

रुग्णालयात पोचले तेव्हा दुसरी नळी ठेवायची वेळ झाली होती. सुवर्णाबाईंचा हात कोपरापर्यंत सुजला होता, पट्टीतून रक्त झिरपत होतं. त्यांनी सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"फोनवर मोठा वाटलास. एवढासा हायस."

"साप पण एवढासाच होता ना," सर म्हणाले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

परकारांनी रक्त काढून काचेच्या कोऱ्या नळीत घातलं, खिडकीत उभं केलं. त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. परकार घड्याळ बघत राहिले. प्रणाली भिंतीला टेकली. सुवर्णाबाई सरांना आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, आणि सर मन लावून ऐकत होते, जणू त्यावरही पुढे तोंडी द्यायची आहे.

परकारांनी नळी उचलली. हळूच तिरकी केली. मग आणखी तिरकी. मग पालथीच केली. रक्त तळाशी घट्ट धरून बसलं होतं.

प्रणाली पुढे आली, परकारांच्या हातातून नळी घेतली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती उजेडात धरली. त्यांचे डोळे भरले होते, पण प्रश्न वेगळाच आला.

"दोन्हीतलं कोणतं लागू पडलं?"

"ते कळणार नाही सर. दोन्ही दिली ना."

"म्हणजे शंका तशीच राहिली."

"तशीच राहिली."

"काय कुजबुजता?" सुवर्णाबाईंनी विचारलं. "वाचले का नाय मी?"

"वाचलात बाई," प्रणाली म्हणाली. "पण त्या बारक्या सापांचं विष आम्ही बघितलेलंच नाही. ती पकडून आणायला हवीत. तुमच्या गवतात आहेत का अजून?"

"हायत? पाय ठेवायला जागा नाय. उद्या ये, पोरं दाखवतील."

"उद्याच येते." प्रणालीने सरांकडे पाहिलं. "तुम्ही घरी बसायचं हं सर. वय झालंय. मी पकडीन, मी विष काढीन, नाव तुमचं लावीनच."

"अजिबात लावू नकोस," सर म्हणाले आणि स्टुलाला धरून उठले. "मला चिमटा दे आणि लांब बूट दे. तोंडी द्यावी लागते आता."